स्वस्तातलं फ्रेंच कोलन: या चुका टाळा

फ्रान्समध्ये मों सँ मिशेल किंवा ब्याँनेत्रसारख्या ब्रँडची कोलनं, म्हणजे अंगाला लावायची हलकी सुगंधी पाणी, शोधायला परफ्यूमच्या झगझगीत दुकानात जावं लागत नाही. सुपरमार्केटात साबण-शाम्पूच्या शेजारी पाव-अर्धा लिटरच्या बाटल्या उभ्या असतात, आणि किंमत बहुतेकदा दहा युरोंच्या आत. तिथून येणारं कुणीतरी अशी एक बाटली आपल्याकडे आणतं. आपण मानेवर चार थेंब लावतो, तासाभराने हुंगून पाहतो तर वास नाही. मग ‘स्वस्त ते स्वस्तच’ असं म्हणून बाटली बाथरूमच्या खिडकीत जाऊन बसते. या छोट्याशा प्रसंगात निदान तीन चुका आहेत.

ते टिकावं असं वाटणं

कोलनमध्ये सुगंधी तेलं साधारण २ ते ५ टक्के असतात, बाकी अल्कोहोल आणि पाणी. ओ द पार्फम या जास्त तीव्र प्रकारात हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर जातं. शिवाय कोलनमधली मुख्य तेलं बर्गमॉट (लिंबू-संत्र्याच्या जातीचं एक फळ), लिंबू, संत्रं, नेरोली (म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल), रोझमेरी, लॅव्हेंडर अशी चटकन उडणारी. दिवसभर दरवळायला चंदन, कस्तुरी, डिंक यांसारखं जड काही तळाशी लागतं, आणि ते जुन्या पद्धतीच्या कोलनमध्ये नावापुरतंच असतं.

ही घडण सव्वातीनशे वर्षांच्या घरातली. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये फारिना या इटालियन घराण्याने व्यवसाय थाटला. त्याच घराण्यातल्या जाँ मारी फारिनाने १८०६ मध्ये पॅरिसमध्ये आपलं कोलन आणलं, आणि १८६२ पासून ते रोजे ए गाले ही कंपनी बनवू लागली. नेपोलियन कोलनच्या बाटल्यामागून बाटल्या संपवायचा. त्याला ते टिकायला नको होतं, पुन्हा पुन्हा अंगावर ओतायला हवं होतं. म्हणून मी तरी ‘टिकत नाही’ ही तक्रार ऐकली की आधी विचारते, लावलं किती होतं?

अत्तरासारखं जपून लावणं

अत्तराचा फाया कानात ठेवणाऱ्यांच्या वंशात आपण जन्मलो, त्यामुळे सुवासिक वस्तू काटकसरीने वापरायची सवय अंगातच आहे. इथे ती मोडा. आंघोळीनंतर ओंजळीत भरपूर कोलन घ्या आणि दंड, छाती, पाठ, पोटऱ्या चोळून काढा. फ्रान्समध्ये याला फ्रिक्शन म्हणतात आणि जुने न्हावी केस कापून झाल्यावर डोक्याला असंच कोलन चोळून देत. अल्कोहोल उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं, त्यामुळे मुंबईच्या किंवा पणजीच्या घामट दुपारी जो गारवा मिळतो तो कुठलंही महागडं परफ्यूम देत नाही. संध्याकाळी पुन्हा लावा. एवढ्या किमतीत हात आखडता घ्यायचं कारणच नाही.

वास थोडा लांबवायचा असेल तर सुती रुमाल भिजवा. कातडीपेक्षा कापडावर तो जास्त वेळ राहतो. मनगटं एकमेकांवर घासल्याने ‘सुगंधाचे रेणू तुटतात’ ही मात्र भाकडकथा. घासल्याने ऊब येते आणि वास लवकर उडतो, इतकंच. ताज्या दाढीवर आग होते हे सांगायला नकोच.

लावून उन्हात जाणं

ही चूक खरोखर महागात पडते. सालीतून दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गॅप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना अतिनील किरण पडले, की आधी लाली येते आणि मग काळपट चट्टे उठतात. कोलन मानेवरून ओघळलं असेल तर डागही ओघळाच्या आकाराचे, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. हल्लीच्या कोलनांत बर्गॅप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण मर्यादित ठेवतात. पण आजीच्या कपाटात सापडलेली जुनी बाटली किंवा घरी तेलं मिसळून केलेलं कोलन असेल, तर भरवसा नको. तसलं कोलन कपड्यांनी झाकल्या जाणाऱ्या भागावरच लावा.

बाटली खिडकीत ठेवणं

कोलनला टर्पेंटाइनसारखा, शिळ्या सालीसारखा वास येतोय? लिंबूवर्गीय तेलांमधलं लिमोनीन हवेशी संयोग पावून बिघडलं आहे. उजेड, ऊब आणि अर्ध्या रिकाम्या बाटलीतली हवा हे तिघं मिळून हे काम करतात. बिघडलेलं कोलन कातडीला लावू नका, त्याने अ‍ॅलर्जी होऊ शकते. मोठ्या बाटलीतलं काही काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात तेच गार कोलन अंगाला लावण्याची चैनही होते.

जागा निवडताना आणखी एक. आजोबांच्या शिसवी कपाटावर बाटली ठेवू नका. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आणि कोलन म्हणजे पुन्हा स्पिरिटच. ओघळ आला की पॉलिशवर डाग पडलाच. (फ्रेंचाने फ्रेंचाचा घात करावा तसं.) मोत्यांचंही तेच: नथ, तन्मणी, कुड्या कोलन पूर्ण वाळल्यावरच घाला. आणि आंघोळ, कोलन, लगेच निरांजन असा क्रम असेल तर मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. ओलं अल्कोहोल पेट घेतं.

मुलांच्या तापाला कोलनच्या घड्या

आपल्याकडे कित्येकांना हा वास ठाऊक आहे तो तापामुळेच. कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची पद्धत घरोघर होती. मोठ्या माणसाच्या दुखत्या डोक्यावर भिजला रुमाल ठेवायला हरकत नाही. लहान मुलांना मात्र नको. अल्कोहोल त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं, रक्तातली साखर घसरू शकते. त्यांना साध्या पाण्याच्या घड्या पुरतात.

चुकीची बाटली घेणं

४७११ ही निळ्या-सोनेरी लेबलची बाटली फ्रेंच समजून घेतली जाते. ती कोलोनची, जर्मन. चांगली आहे, पण वेगळी. मों सँ मिशेलचं ‘अंब्रे’ घेतलंत तर लिंबाच्या मागे गोडसर ऊब येईल, निव्वळ लिंबू-संत्र्याच्या अपेक्षेने घेऊ नका. कोलनला रंग असेल तर पांढऱ्या सदऱ्यावर ओतण्याआधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून बघा.

विमानाने आणताना हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही. चेक-इन बॅगेत एक बाटली जास्तीत जास्त अर्धा लिटर आणि अशा सगळ्या वस्तू मिळून माणशी दोन लिटर, अशी मर्यादा आहे. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळा आणि बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर सोबत आणलेल्या चीजलाही नेरोलीचा वास येईल.