लिनक्सवर दोन इनपुट, दोन स्पीकर: जोडणी करताना या चुका टाळा

गिरगाव असो की दादर, गणपतीत सोसायटीची गरज बहुधा सारखीच असते. निवेदनाचा माइक हॉलमधल्या स्पीकरवर वाजायला हवा आणि मोबाइलवरची गाणी फक्त अंगणातल्या. कार्यालयातला लिनक्स संगणक आणि माइक-इन असलेलं एक यूएसबी साउंड कार्ड एवढ्यावर हे होतं. अडतं ते बहुतेक वेळा जोडणीच्या दोन्ही टोकांची नावं नक्की न करताच जोडायला घेतल्यामुळे.

जॅक दोन दिसले म्हणजे वाटा दोन नव्हेत

मदरबोर्डवरचा मागचा हिरवा जॅक आणि पुढचा हेडफोनचा जॅक हे बहुतेक संगणकांत एकाच आउटपुटची दोन तोंडं असतात. दोन्हीकडे स्पीकर लावले तर दोन्हीकडे तेच वाजतं, किंवा हेडफोन लावताच मागचं बंद पडतं. निळा लाइन-इन आणि गुलाबी माइक यांचंही तसंच. ते एकाच सोर्सचे (आवाज आत येण्याच्या वाटेचे) दोन पोर्ट असतात, एका वेळी एकच चालू राहतो. दोन इनपुट खरोखर वेगळे हवेत तर दुसरं कार्ड लागतंच. एचडीएमआय वेगळं आउटपुट म्हणून यादीत दिसतं, पण मॉनिटरला स्पीकर नसतील तर त्याचा उपयोग शून्य.

वाटणी अशी ठेवा: मोबाइल निळ्या जॅकला आणि अंगणाचा अ‍ॅम्प्लिफायर हिरव्या जॅकला, माइक आणि हॉलचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही यूएसबी कार्डाला. प्रत्येक कार्डाचं घड्याळ स्वतंत्र चालतं. आवाज एका कार्डातून आत घेऊन दुसऱ्यातून बाहेर काढला की दोन घड्याळांतला फरक सॉफ्टवेअरला सतत भरून काढावा लागतो. तेच कार्ड आत-बाहेर वापरलं तर तो प्रश्नच येत नाही.

मोबाइलची वायर गुलाबी जॅकमध्ये खुपसू नका. तिथे माइकसाठीचं प्रवर्धन असतं, गाणी फाटून येतात आणि बऱ्याचदा मोनो. उलट, स्टेजचा डायनॅमिक माइक स्वस्त यूएसबी कार्डात लावला तर आवाज अगदी क्षीण येतो. त्याला प्रीअ‍ॅम्प (क्षीण आवाज आधी वाढवणारा भाग) असलेला ऑडिओ इंटरफेसच हवा.

आधी सर्व्हर कोणता ते बघा

(पुढच्या आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टंकायच्या आहेत.) लिनक्सवर आवाजाची वाटणी ऑडिओ सर्व्हर करतो: जुना पल्सऑडिओ किंवा नवा पाइपवायर. तो कोणता हे बघायला ‘पीएसीटीएल इन्फो’ चालवा. सर्व्हरच्या नावात पाइपवायर दिसलं, तर ‘डिफॉल्ट.पीए’ फाइलमध्ये केलेल्या बदलांचा काहीही परिणाम होणार नाही. ती पल्सऑडिओची फाइल आहे, पाइपवायर ती वाचत नाही. लिनक्सच्या फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० या आवृत्त्यांपासून पाइपवायर हाच डिफॉल्ट आहे, तरी लोक जुने उपाय बघून त्याच फाइलमध्ये तासन्‌तास घालवतात. पीएसीटीएल ही आज्ञा आणि पाव्हूकंट्रोल हा आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्राम मात्र दोन्हीकडे चालतात, म्हणून इथे तेच वापरू.

आता ‘पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस’ आणि ‘पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सिंक्स’ चालवा; सिंक म्हणजे आवाज बाहेर जाण्याची वाट, अर्थात स्पीकरची बाजू. प्रत्येक ओळीत आधी क्रमांक, मग लांबलचक नाव. क्रमांक वापरू नका. संगणक पुन्हा सुरू झाला किंवा यूएसबी काढून लावलं की ते बदलतात. नाव पूर्ण कॉपी करा. शेवटी ‘.मॉनिटर’ असलेला सोर्स म्हणजे माइक नव्हे. त्या स्पीकरवर जे वाजतंय त्याचीच ती प्रत. ती चुकून त्याच स्पीकरला जोडली की आवाज स्वतःवरच चढत जातो.

लाइन-इन यादीत नसेल तर पाव्हूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये त्या कार्डाचं प्रोफाइल ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’ करा. फक्त आउटपुटचं प्रोफाइल निवडलेलं असलं की इनपुट गायब होतं. मग इनपुट डिव्हाइसेस टॅबमध्ये पोर्ट ‘लाइन इन’ आहे ना, तेही बघा.

जोडणी: प्रत्येकी एकच लूपबॅक

लूपबॅक म्हणजे एका सोर्सचा आवाज थेट एका सिंकला पोचवणारी जोडणी. आज्ञा अशी: ‘पीएसीटीएल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-लूपबॅक सोर्स=माइकचं नाव सिंक=हॉलचं नाव लेटन्सी_एमसेक=३० सोर्स_डोन्ट_मूव्ह=ट्रू सिंक_डोन्ट_मूव्ह=ट्रू’. मोबाइल ते अंगण यासाठी हीच आज्ञा दुसऱ्या नावांनी.

शेवटचे दोन पर्याय गाळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. सर्व्हर प्रत्येक प्रवाहाचं मागचं ठिकाण लक्षात ठेवतो आणि डिफॉल्ट स्पीकर बदलला की प्रवाह तिकडे हलवूही शकतो. ऐन आरतीत तसं झालं, तर निवेदकाचा माइक अंगणात वाजू लागेल. हे पर्याय असले तर प्रवाह भटकत नाही; यूएसबीची वायर निसटलीच तर ती परत लावल्यावर लूपबॅक पुन्हा लोड करावा लागेल इतकंच.

लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) दिली नाही तर पल्सऑडिओ २०० मिलिसेकंद धरतो. गाण्यांना चालतं, पण बोलणारा स्वतःचा उशिरा आलेला आवाज ऐकून अडखळतो. ३० वर तडतड झाली तर ५० करा, मग ७०. ब्लूटूथ स्पीकर माइकसाठी वापरूच नका, तो उशीर सेटिंगने जात नाही.

आवाज पोकळ किंवा दुहेरी येतोय? मग तीच आज्ञा दोनदा चालली आहे. ‘पीएसीटीएल अनलोड-मॉड्यूल मॉड्यूल-लूपबॅक’ने सगळे लूपबॅक काढा आणि एकेकदा पुन्हा लोड करा. हे कायमचं हवं तर एक स्क्रिप्ट लिहा: पाच सेकंद थांबा, आधी अनलोड, मग दोन्ही लोड. ती लॉगिनच्या स्टार्टअप यादीत टाका. अनलोड वर असल्यामुळे ती कितीदाही चालली तरी दुहेरी जोडणी होत नाही.

सगळं बरोबर दिसूनही शांतता असेल तर टर्मिनलमधला अल्सामिक्सर हा मिक्सर उघडा. एफ६ने कार्ड निवडा, ‘एमएम’ दिसेल तिथे एम दाबा, एफ४ने कॅप्चरकडे जाऊन स्पेसने इनपुट चालू करा. ‘ऑटो-म्यूट मोड’ही बंद करा, नाहीतर पुढे कुणी हेडफोन लावताच अंगण गप्प होतं.

सुडो आणि क्रॉन

या आज्ञांना सुडो (आज्ञा रूट म्हणजे प्रशासक म्हणून चालवणारा शब्द) लावू नका. ऑडिओ सर्व्हर तुमच्या लॉगिनचा असतो, रूटला तो सापडत नाही आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं.

क्रॉनचीही (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या साधनाची) तीच गत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, सवलतीचे दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. अंगणाचा सिंक दहाला आपोआप म्यूट करायला ‘पीएसीटीएल सेट-सिंक-म्यूट’, सिंकचं नाव आणि १ एवढी आज्ञा पुरते. पण क्रॉनमध्ये तिच्याआधी ‘एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर=/रन/यूजर/१०००’ (बरोबर-चिन्हाआधीचं नाव मोठ्या रोमन अक्षरांत) हवं, नाहीतर ती मुकाट्याने अपयशी ठरते आणि अंगण वाजतच राहतं. १०००च्या जागी ‘आयडी -यू’ने आलेला आकडा घाला. पहिल्या रात्री दहाला तिथे हजर राहून खात्री करा.

सॉफ्टवेअर ठीक असूनही सतत घुंई येत असेल तर संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी गेली नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर (ऑडिओ वायरीत बसणारं, घुंई अडवणारं उपकरण) लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत ३.५ मिमीचे जॅक काळवंडतात आणि एक बाजू खरखरते. पावसाळा संपण्याची वाट न बघता कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग चार-पाचदा आत-बाहेर करा, आणि मगच सेटिंगना हात लावा.