गोल्फचा स्विंग शिकताना: आधी चेंडू, मग जमीन

गोल्फ शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच चूक करतो. चेंडू हवेत उडाला पाहिजे, म्हणून तो त्याला खालून उचलू पाहतो. त्यामुळे शरीराचा भार मागच्या पायावर राहतो, मनगटे वर वळतात आणि क्लब, म्हणजे गोल्फची काठी, एकतर चेंडूच्या मागे मातीत रुततो किंवा चेंडूच्या माथ्याला घासून जातो. वास्तविक चेंडू उचलण्याची सोय क्लबच्या घडणीतच केलेली असते. सेव्हन आयर्न या मध्यम पल्ल्याच्या क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, उभ्या रेषेपासून साधारण 30 अंश किंवा त्याहून थोडा अधिक मागे कललेला असतो. तो खाली उतरता उतरता चेंडूला भिडला आणि त्यानंतर जमिनीला लागला, की 46 ग्रॅमांहूनही हलका असलेला तो चेंडू आपोआप वर चढतो. आधी चेंडू आणि मग जमीन हा क्रम अंगवळणी पाडणे म्हणजेच स्विंग, अर्थात क्लब फिरवण्याची क्रिया, शिकणे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच क्रमासाठी आहेत. त्या उजव्या हाताने खेळणाऱ्यांना उद्देशून लिहिल्या आहेत; डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

नियमाप्रमाणे बॅगेत 14 क्लब ठेवता येतात, परंतु शिकण्यासाठी एक सेव्हन आयर्न पुरेसा आहे. पहिले काही महिने तो उसना मिळाला तरी चालेल. संपूर्ण सेट विकत घेण्याची घाई करू नये.

सुरुवात पकडीपासून करावी. डाव्या हाताची पकड तळहातात नव्हे, तर बोटांत असते. क्लबची मूठ करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरपी टेकवावी, मग बोटे मिटावीत आणि तळहाताचा मांसल भाग मुठीच्या वरच्या अंगाला बसू द्यावा. अंगठा मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असावा. वरून पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन उंचवटे दिसले आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली असली, तर हात योग्य जागी आहे असे समजावे. उजवा तळहात डाव्या अंगठ्याला झाकून घेतो. उजव्या करंगळीचे काय करायचे, याचे दोन मार्ग रूढ आहेत. ती डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर टेकवण्याच्या पद्धतीला हॅरी वार्डन यांचे नाव मिळाले आहे, ज्यांनी ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फची मानाची स्पर्धा 6 वेळा जिंकली; तर जॅक निकलस आणि टायगर वुड्स या नामवंत खेळाडूंनी करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवण्याची पद्धत वापरली. ज्यांची बोटे आखूड आहेत त्यांना बहुधा दुसरी पद्धत सोयीची पडते. पकड किती घट्ट असावी हे शब्दांत सांगणे अवघड आहे, म्हणून एक परीक्षा सुचवतो: क्लब समोर उचलून धरावा आणि त्याच्या टोकाने हवेत आपले नाव शिरोरेघेसह लिहून पाहावे. अक्षरे मनगटातून सहज वळत असतील, तर पकड ठीक आहे. खांद्यापासून हात हलवावा लागत असेल, तर ती फार आवळलेली आहे.

उभे राहताना दोन पायांत खांद्यांइतके अंतर ठेवावे आणि कमरेतून नव्हे, तर जांघेच्या सांध्यातून पुढे झुकावे. हात खांद्यांखाली सैल लोंबू द्यावेत. क्लबच्या मुठीचे टोक आणि मांडी यांच्यामध्ये साधारण हाताची एक मूठ मावेल एवढी जागा राहते. चेंडू दोन्ही पायांच्या मध्याशी, फार तर एका चेंडूइतका डावीकडे असावा. आधी क्लबचा फेस लक्ष्याकडे रोखावा आणि मगच पाय लावावेत. चेंडू आणि लक्ष्य यांना जोडणारी रेषा हा रेल्वेचा एक रूळ मानला, तर पायांची बोटे दुसऱ्या रुळावर असतात. बरेच जण पायच लक्ष्याकडे रोखतात आणि मग चेंडू उजवीकडे का जातो, हे कोडे स्विंगमध्ये शोधत बसतात.

आता मुख्य सरावाकडे वळू, आणि तो चेंडूशिवायच करायचा आहे. अंगणातल्या किंवा मैदानातल्या कडेच्या मातीवर, परवानगी घेऊन आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, रांगोळीची एक हातभर रेघ ओढावी. ती दोन्ही पायांच्या मधोमध यावी आणि लक्ष्याच्या दिशेशी काटकोनात असावी. मग अर्धा स्विंग करावा, म्हणजे डावा हात घड्याळातल्या नऊच्या काट्याइतका मागे जाईल आणि उजवा हात तीनच्या काट्यापर्यंत पुढे येईल. क्लब जिथे माती खरवडतो ती जागा नीट पाहावी. नवशिक्याची खूण बहुतेक वेळा रेघेच्या मागे, चार बोटे अलीकडे उमटते आणि रांगोळी जशीच्या तशी राहते. डावा पाय दाबून धरत, छाती लक्ष्याकडे वळवत पुन्हा क्लब फिरवला, की खूण हळूहळू पुढे सरकते. रांगोळी उडाली आणि खरवड रेघेच्या पलीकडे, लक्ष्याच्या बाजूला उमटली, की समजावे, या जागी चेंडू असता तर तो स्वच्छ निघाला असता. सलग 10 पैकी 7 खुणा पुढे पडेपर्यंत चेंडू ठेवू नये.

या सरावाचा मी एवढा आग्रह धरतो, त्याला कारण आहे. ड्रायव्हिंग रेंजवरच्या, म्हणजे फटके मारण्याच्या सरावाच्या जागेवरच्या, चटईवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आदळला तरी तो घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. माझे पहिले वर्ष एका रेंजवरच्या चटईवर गेले. खऱ्या गवतावर आल्यावर प्रत्येक फटक्यात माती आधी उडू लागली आणि सगळे पुन्हा शिकावे लागले. माती खोटे बोलत नाही.

अर्धा स्विंग जमला, की तो वाढवत पूर्ण करावा. मागे जाताना खांदे, हात आणि क्लब एकत्र निघतात. डावा खांदा हनुवटीखाली येतो आणि मनगटे दुमडतात. वरून खाली येण्याची सुरुवात हातांनी नव्हे, तर पायांनी होते: भार डाव्या पायावर येतो, कंबर वळू लागते आणि हात त्यांच्यामागून उतरतात. क्रिकेट खेळलेल्यांना येथे विशेष अडचण येते, कारण सरळ बॅटने चेंडूची रेषा धरून ठेवण्याची सवय त्यांच्या हातांत मुरलेली असते. गोल्फमध्ये क्लबचा फेस चेंडूजवळून जाताना वळत असतो. तो धरून ठेवला, तर उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वाकतो. हाच स्लाइस. फटका संपल्यावर उजवी टाच वर उचललेली, पट्ट्याचे बक्कल लक्ष्याकडे आणि सारा भार डाव्या पायावर असावा. या स्थितीत मनात तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर राहता आले नाही, तर ताकद जास्त लागली असे समजावे.

ताकदीचा मोह आवरणे कठीण असते, हे मान्य आहे. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्या भारतीय गोल्फपटू अदिती अशोक चौथ्या आल्या आणि एका फटक्याने पदकाच्या शर्यतीतून बाहेर राहिल्या, त्या लांब फटके मारणाऱ्या खेळाडू म्हणून ओळखल्या जात नाहीत. सरावाच्या एका खेपेला 50 चेंडू पुरेत, त्यांपैकी निम्मे अर्ध्या स्विंगने मारावेत आणि दोन चेंडूंमध्ये पाय काढून पुन्हा उभे राहावे.

ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, मात्र या सगळ्याला अपवाद आहे. त्यात चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर, असतो, डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला ठेवला जातो आणि क्लब खालून वर चढत असताना त्याला लागतो. म्हणूनच सेव्हन आयर्नच्या खुणा रेघेच्या पुढे स्थिरावल्यानंतरच तो हातात घ्यावा.