नोटीस कोणाच्या नावाने? घरकुल-म्हाडा वसाहतीत शेजाऱ्यांच्या तक्रारी हाताळताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एखाद्या घरकुल किंवा म्हाडा वसाहतीचं टेबल नव्याने मिळालं असेल, तर हे तुमच्यासाठी. आवक-जावक, टिपणी, स्थळपाहणी येते असं धरून चालतो.

इमारत आज कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. संस्था नोंदवून हस्तांतरण झालं असेल, तर सभासदांचा आपसातला वाद संस्थेच्या सचिवाकडे आणि तिथे न मिटल्यास, तो संस्थेच्या कारभाराशी निगडित असेल तर, सहकार न्यायालयाकडे जातो. तसं नसेल, तर तो तुमच्या टेबलावर आहे.

"शेजाऱ्याचा रोज त्रास होतो" एवढ्याच मजकुराचा अर्ज आला तरी परत पाठवू नका, आवक क्रमांक द्या. त्याच वेळी अर्जदाराला चौदा दिवस वही ठेवायला सांगा. "१२ मे, रात्री ११.२० ते १.०५, वरच्या मजल्यावर स्पीकर, आमच्या मधल्या खोलीत ऐकू, समोरच्या मावशीही जाग्या" अशी एक ओळ तीस सह्यांच्या अर्जापेक्षा भारी. सामूहिक सह्यांवर माझा विश्वास नाही. पंचनाम्याच्या दिवशी त्यातले निम्मे लोक "आम्हाला काही माहीत नाही" म्हणतात आणि खरा त्रास सोसणारा एकटा पडतो.

आवाजाचे आकडे पाठ असू द्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मोबाइलमधलं मापन अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून टिकत नाही. मोजायचं असेल तर पोलिसांच्या यंत्रावर मोजून घ्या.

पाहणी त्रासाच्या वेळेला करा. दुपारी बारा वाजता जाऊन "तक्रारीत तथ्य आढळले नाही" असं लिहिणं हा अर्जदारावर अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निम्म्या तक्रारी कूलरच्याच असतात. पारा ४४-४५ ला गेला की कूलर बंद करा म्हणणं माणुसकीला धरून नाही आणि त्याची गरजही पडत नाही. कूलर सामाईक भिंतीच्या ग्रिलला बांधला असेल तर घरघर भिंतीतून पलीकडे जाते. तो स्टँडवर घ्यायला लावा, पायांखाली जाड रबर, पंख्याचे बोल्ट आवळलेले. खाली पाणी ठिबकत असेल तर बहुधा टाकीतला फ्लोट अडकलेला असतो किंवा वाळ्याच्या जाळीत क्षार साचून पाणी बाहेर उडत असतं. जाळी बदलली, फ्लोट मोकळा केला, की खालच्याच्या भिंतीची ओल थांबते आणि भांडणही. अशा वेळी घाबरू नका, पुष्कळ तक्रारी पाना घेऊन मिटतात.

आता ज्या खड्ड्यात नवा माणूस हमखास पडतो तो. हा मी सविस्तर सांगणार, कारण कोणी सांगत नाही आणि त्याची किंमत फार मोठी असते.

गाळ्यात, म्हणजे वाटप झालेल्या घरात, राहतो एक आणि वाटपपत्रावर नाव असतं दुसऱ्याचं. मूळ गाळेधारक सुरतेला किंवा पुण्याला, घरात पोटभाडेकरू. किंवा मूळ माणूस वारला, वारसनोंद झालेली नाही. किंवा स्टॅम्पपेपरवर परस्पर "विक्री" झालेली. तुम्ही दार वाजवता, आतला माणूस नाव सांगतो, आणि तुम्ही त्याच नावाने लेटरहेडवर नोटीस काढता. इथे दोन गोष्टी एकदम बिघडतात. एक, कारवाई मूळ गाळेधारकावर व्हायला हवी आणि त्याला तर नोटीसच मिळालेली नाही, त्यामुळे पुढचा आदेश पहिल्याच सुनावणीत कोसळतो. दोन, आणि हे जास्त वाईट: कार्यालयानेच, सही-शिक्क्यानिशी, त्या माणसाला "गाळा क्रमांक अमुक येथील रहिवासी" म्हटलेलं असतं. वीजबिलाशेजारी तो हे पत्र लावतो आणि आपल्या वास्तव्याचा पुरावा म्हणून पुढे करतो. आवाज थांबवायला गेलात आणि बेकायदा ताब्याला कागद देऊन आलात.

म्हणून नोटीस काढण्याआधी वाटप नोंदवही उघडा. संगणकातल्या यादीवर थांबू नका, मूळ नस्ती, म्हणजे कागदांची फाइल, बघा. नोटीस मूळ गाळेधारकाच्या नावाने, त्याच्या नोंदीतल्या दोन्ही पत्त्यांवर. तो मयत असेल तर "मयत अमुक यांचे कायदेशीर वारस" असं. प्रत "सदर गाळ्यात प्रत्यक्ष आढळलेली व्यक्ती" हिला, आणि त्याखाली एक वाक्य: "या पत्रामुळे आपल्या वास्तव्याचा कोणताही हक्क मान्य केला असे समजू नये." हे वाक्य कधीही गाळू नका. मजकुरात वहीतल्या तारखा आणि वेळा, वाटपातली कोणती अट मोडली तिचा क्रमांक, खुलाशाला सात दिवस. तक्रारदाराचं नाव नाही. घेण्यास नकार दिला तर दोन पंचांसमक्ष दारावर डकवा, फोटो काढा, पंचनामा करा, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्ट.

घर खाली करायला लावू, पाणी तोडू, अशी धमकी तोंडून जाऊ देऊ नका. तो अधिकार तुमचा नाही. निष्कासनाचा आदेश सक्षम अधिकारीच काढतो: महापालिकेच्या मिळकतीत महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ८१ब खाली, म्हाडात १९७६ च्या अधिनियमाच्या कलम ६६ खाली. तुमचं काम तिथवर नस्ती शाबूत पोचवणं. "आमनंच घर दिखस का तुमले?" असं कोणी दारात अंगावर आलं, तर उत्तर न देता तेच वाक्य पाहणी अहवालात उतरवा.

एका तक्रारीला मात्र नोटीस हे उत्तर नाही. "त्यांच्या घरात रोज आरडाओरडा, भांडी आदळण्याचा आवाज" असा अर्ज आला तर आत कोणी मार खात असेल, हे आधी मनात आणा. नोटीस गेली तर त्या बाईलाच "तुझ्यामुळे घर जाईल" म्हणून पुन्हा मार बसतो. त्या क्षणी ११२ (पोलीस), नंतर १८१ (महिला हेल्पलाइन) आणि महिला व बालविकासचे संरक्षण अधिकारी. लहान मूल असेल तर १०९८ (चाइल्डलाइन). एखाद्याचं रात्री-अपरात्री ओरडणं आजारातून येत असेल तर घरच्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. आणि मटणाचा वास, "कसले कसले लोक येतात" असल्या अर्जांवर कारवाई करू नका. तिथे उपद्रव नाही, जात आणि धर्म बोलतोय.

रात्रीचा स्पीकर पोलिसांचा विषय आहे. ११२ वर फोन झाला की त्याची वेळ वहीत. अदखलपात्र नोंद झाली तर प्रत नस्तीला लावा. उपद्रव वारंवार होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं. "नगरसेवकाला सांगून मिटवू" हा जवळचा रस्ता मला मान्य नाही. आवाज चार दिवस थांबतो, कागद काहीच उरत नाही आणि पुढच्या वेळी सगळं शून्यापासून.

कानबाईचं, म्हणजे खानदेशातल्या त्या देवीच्या उत्सवाचं, आधीच ठरवून ठेवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कोणाकडे स्थापना आहे ते आठवडाभर आधी विचारा. बायकांची गाणी रात्रभर चालतील, ती चालू द्या. स्पीकर दहाला बंद, एवढं त्या घरच्या आजींशीच बोला, पोरांशी नको. ज्या दिवशी बारापर्यंत सूट असते त्यांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. ती यादी फलकावर लावा, निम्मे फोन कमी होतील.

हे सगळं शिकायचं असेल तर साहेबांपेक्षा जुन्या शिपायाजवळ बसा. कोणत्या गाळ्यात खरं कोण राहतं ते त्याला पाठ असतं.

आणि नस्ती बंद करताना तीस दिवसांनी अर्जदाराकडे जा, आता झोप लागते का विचारा, त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून खाली त्याची सही घ्या.