क्रिएटिन तपासताना आणि घेताना या चुका टाळा

ग्लासच्या तळाशी पांढरा गाळ दिसला की ‘माल भेसळीचा आहे’ असं ठरवून मोकळं होऊ नका. क्रिएटिन मोनोहायड्रेट (व्यायाम करणारे पूरक म्हणून घेतात ती क्रिएटिनची नेहमीची पावडर) मुळातच कमी विरघळतं: 20 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम 14 ग्रॅम. 5 ग्रॅमसाठी साडेतीनशे मिली तरी पाणी हवं. गाळ उरला तर वर थोडं पाणी ओतून तोही पिऊन टाका.

विरघळवून ठेवून देणं मात्र खरंच चुकीचं. पाण्यात क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन हे निरुपयोगी द्रव्य होतं, आणि आंबट द्रवात हा वेग वाढतो. 25 अंशांना, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका द्रव आंबट) 3.5 असेल तर 3 दिवसांत सुमारे 21 टक्के क्रिएटिन जातं; पीएच 5.5 ला फक्त 4 टक्के. (जठरातलं आम्ल याहून तीव्र, पण तिथे क्रिएटिन टिकतं, कारण क्रिएटिनिन व्हायला रेणूचं कडं बंद व्हावं लागतं आणि इतक्या कमी पीएचला ते होत नाही.) कोरडी पावडर नीट झाकून ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते.

डब्यावरचं ‘200 मेश’ म्हणजे निव्वळ चाळणीचा नंबर. त्यावरून कण किती बारीक ते कळतं, शुद्धता नाही.

शुद्धतेसाठी बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, आणि त्यावरचा बॅच नंबर डब्यावरच्या नंबराशी जुळवून बघा. इथेच बहुतेक जण ‘99.9 टक्के’ वाचून थांबतात. क्रिएटिन सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांपासून बनतं. प्रक्रिया ढिली असेल तर डायसायनडायमाइड आणि डायहायड्रोट्रायझिन ही नको असलेली रसायनं मागे राहतात. हे दोन्ही, क्रिएटिनिन आणि जड धातू यांचे आकडे वेगवेगळे दिलेले हवेत. नुसतं ‘पास’ लिहिलेला रिपोर्ट माझ्या लेखी कामाचा नाही. उलट, वाळवल्यावर 12 टक्के वजन घटलेलं दिसलं तर दचकू नका. मोनोहायड्रेटच्या स्फटिकातलंच ते पाणी आहे.

क्रिएटिनचाच दुसरा प्रकार, हायड्रोक्लोराइड, जास्त विरघळतो, एवढंच. ग्रॅममागे क्रिएटिन त्यात सुमारे 78 टक्के, मोनोहायड्रेटमध्ये 88. जास्त पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

रक्ततपासणीच्या आधी क्रिएटिन चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम जोखतात, आणि मूत्रपिंड ठणठणीत असूनही हा आकडा वर जाऊ शकतो. शंका आलीच तर मूत्रपिंडासाठीचीच सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्तचाचणी करता येते. मूत्रपिंडाचा विकार आधीच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.