सॅमन माशांसाठी नदीखोरे पूर्ववत करताना

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट नदीच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी काम आखताना मूळ रहिवासी जमातींना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. जमातींच्या मासेमारीच्या हक्कांवर न्यायाधीश बोल्ट यांनी १९७४ मध्ये दिलेल्या निकालानंतर (बोल्ट निकाल) सॅमनच्या व्यवस्थापनात या जमाती राज्याच्या बरोबरीच्या भागीदार आहेत, त्यामुळे तयार आराखड्यावर त्यांची केवळ संमती मागणे मुळातच गैर ठरते. शेतकरी आणि रस्तेविभाग यांच्याशीही बोलणी लवकर सुरू करावीत.

त्यानंतर ओढे पायी फिरून पाहावेत. रस्त्याखालची मोरी पात्रापेक्षा अरुंद असेल, किंवा तिच्या तोंडाशी पाणी हातभर उंचीवरून पडत असेल, तर वरचा सगळा ओढा माशांना बहुधा बंदच असतो. माझ्या मते अशी अडचण दूर केल्याविना वरच्या भागावर खर्च करू नये.

मादी शेपटीने गोटे उकरून खड्ड्यात अंडी घालते आणि गोट्यांच्या फटींतून वाहणाऱ्या गार पाण्यावर ती जगतात. बारीक गाळाने फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. म्हणून पात्रातील यंत्रकाम परवान्यात नेमून दिलेल्या मुदतीतच उरकावे, वळणांवर मुळांसकट ओंडके रोवावेत आणि काठावर सावलीसाठी सीडार व वाळुंजाच्या कुळातील स्थानिक झाडे लावावीत. नदीत जन्मून समुद्रात गेलेला चिनूक जातीचा सॅमन अंडी घालायला परतेपर्यंत बहुधा ३ ते ५ वर्षांचा होतो, तेव्हा परतणाऱ्या माशांच्या मोजणीचा निधी निदान तेवढ्या काळासाठी आधीच बाजूला काढावा.