मोजून मीठ, मोजून आम्ल: परसातला, रानातला आणि शिकारीचा जिन्नस टिकवताना

परसात एकाच वेळी पिकलेली भाजी, रानातून खुडून आणलेली फळे-पाने आणि कायद्याची परवानगी असेल तेथे केलेल्या शिकारीचे मांस, या तिन्हींची अडचण एकच असते: जिन्नस एका दिवशी भरपूर हाती येतो आणि पुढे कित्येक महिने मिळत नाही. तो टिकवण्याच्या रीती पुष्कळ आहेत. मात्र कोणत्या जिनसाला कोणती रीत चालेल, हे आपल्या आवडीवरून ठरत नाही, तर त्याच्या आंबटपणावरून आणि त्यात पाणी किती आहे यावरून ठरते. म्हणून या कामाला लागण्यापूर्वी एक चांगला वजनकाटा आणि एक तापमापक घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात कोबी खारवण्यापासून करावी. बाहेरची दोन पाने बाजूला ठेवून कोबी बारीक चिरावा, त्याचे वजन करावे आणि दर किलोमागे २० ते २५ ग्रॅम मीठ घ्यावे. येथे चमच्याच्या मापावर विसंबू नये, कारण जाड मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो. पहिल्या खेपेस मी चमच्यानेच जाड मीठ घातले होते. ते कमी पडले आणि आठवड्याभरात कोबी लिबलिबीत होऊन टाकून द्यावा लागला. मीठ घातलेला कोबी परातीत दोन्ही हातांनी दाबून चुरत राहावे. आरंभी तो करकरतो आणि हाताला कोरडा लागतो. दहा मिनिटांत तो मऊ पडतो, त्याचा आकार निम्म्यावर येतो आणि मूठ आवळली की बोटांतून पाणी निथळते. हे पाणी फेकू नये, कारण पुढे कोबी त्यातच बुडून राहायचा असतो. काचेच्या स्वच्छ बरणीत तो मुठीने ठासून भरावा, वर बाजूला ठेवलेले पान पसरावे, त्यावर धुतलेले वजन ठेवावे आणि झाकण सैल लावावे, म्हणजे आत तयार होणारा वायू बाहेर पडू शकेल.

१८ ते २२ अंश सेल्सिअसला हा कोबी तीन ते सहा आठवड्यांत मुरतो. मिठामुळे नासवणारे जीवाणू मागे पडतात, दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात आणि त्यांच्या आम्लामुळे कोबी टिकतो. पण हे सारे पाण्याखाली, हवेपासून दूर घडावे लागते. पाण्यावर पांढरा, सपाट पापुद्रा आला तर तो काढून टाकला की पुरते. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली, तर मात्र वरचा थर काढून बाकीचा ठेवण्याचा मोह न धरता सगळी बरणी रिकामी करावी.

वाळवणे त्या मानाने सोपे आहे. गाजरासारखी भाजी पातळ कापून उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढावी आणि ५५ ते ६० अंशांवर, वाकवल्यावर कडकन मोडेपर्यंत वाळवावी. बरणीत भरल्यावर आठवडाभर ती रोज हलवून पाहावी. काचेला आतून दव धरले तर भाजी अजून ओली आहे असे समजून ती पुन्हा वाळवावी.

सर्वांत जास्त जपावे लागते ते बरण्या हवाबंद करताना. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जीवाणूचे बीजाणू मातीत असतात, १०० अंशांच्या उकळत्या पाण्यातही ते मरत नाहीत, आणि हवा नसलेल्या, कमी आंबट अन्नात ते अतिशय घातक विष तयार करतात, जे वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असे नाही. सामू, म्हणजे आंबटपणाचे माप (pH; आकडा जितका कमी तितके अन्न जास्त आंबट), ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर त्यांची वाढ होत नाही. म्हणून आंबट फळांच्या बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद करता येतात. पण शेंगा, मका, कंद आणि मांस यांना त्याच कामासाठी बनवलेले दाबयंत्र (प्रेशर कॅनर) लागते, आणि स्वयंपाकाचा नेहमीचा प्रेशर कुकर त्याची जागा घेऊ शकत नाही. टोमॅटो नेमका या सीमेवर येतो. लिटरच्या बरणीत ३० ते ३५ मिलिलिटर बाटलीबंद लिंबूरस घातल्याशिवाय तो बंद करू नये. ताज्या लिंबांचा आंबटपणा कमीजास्त असतो, म्हणून येथे बाटलीतला रसच बरा. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर ठेवणे हवेविना तयार होणाऱ्या याच विषामुळे धोक्याचे आहे.

रानातल्या अळंब्यांच्या बाबतीत टिकवण्याचा प्रश्न नंतरचा आहे. जाणकाराने प्रत्येक अळंबी हातात घेऊन ओळखल्याशिवाय ती घरात आणू नये, कारण डेथ कॅपसारख्या अळंबीचे विष शिजवून किंवा वाळवून नाहीसे होत नाही.

शिकारीचे मांस शक्य तितक्या लवकर ४ अंशांखाली न्यावे आणि लगेच शिजवायचे नसेल तर उणे १८ अंशांवर गोठवावे. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो, आणि त्याच्या काही जाती गोठवूनही जगतात. खारवणे, धुरी देणे किंवा वाळवणे यांवरही भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तापमापकाची सुई तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावी आणि तेथे ७१ अंश दिसेपर्यंत मांस शिजवावे. सुक्या पट्ट्या करायच्या असतील, तरी आधी त्या याच तापमानापर्यंत तापवून घ्याव्यात आणि मगच वाळत घालाव्यात. आधी वाळवून मग तापवण्याचा क्रम चालत नाही, कारण कोरड्या मांसातले जीवाणू उष्णतेला अधिक दाद देईनासे होतात.