वर्गासाठी चित्रपुस्तक सुचवताना

‘छान पुस्तक आहे, मुलांना आवडेल’ एवढ्या शिफारशीचा नव्या शिक्षकाला काही उपयोग होत नाही. हे पुस्तक कितवीच्या मुलांना, केवढ्या गटात आणि कशासाठी वाचायचं, हे त्याला कळायला हवं. सगळ्या वर्गासमोर रंगणारं पुस्तक आणि दोघा मुलांनी मांडीवर घेऊन बघायचं पुस्तक, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बारीक तपशिलांनी भरलेली चित्रं मागच्या रांगेपर्यंत पोचतच नाहीत. तिथली मुलं चुळबुळ करू लागतात आणि आळ मात्र गोष्टीवर येतो. म्हणून सुचवण्याआधी पुस्तक उघडून भिंतीला टेकवा, आठ-दहा पावलं मागे या. पात्राच्या चेहऱ्यावरचा भाव तिथून दिसला, तरच ते वर्गासाठी. नाही दिसला, तर चार-पाच मुलांच्या गटासाठी ठेवा. गुळगुळीत कागद खिडकीसमोर चकाकतो, तेही तेव्हाच लक्षात येतं. दोन पानांवर पसरलेल्या चित्रातलं मुख्य पात्र नेमकं शिवणीत अडकलंय का, हेही पाहून घ्या.

बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या घालून १६ पानांचा फर्मा होतो आणि असे दोन फर्मे एकत्र बांधतात. शीर्षकाची वगैरे पानं सोडली, की गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. त्यामुळे पान उलटण्याची जागा लेखक-चित्रकार फार विचारपूर्वक ठरवतात. उजवं पान उत्सुकता ताणतं आणि उलटल्यावर उत्तर मिळतं. वाचणाऱ्याने पान आधीच अर्धवट उचललं, तर सगळी गंमत जाते.

खरी पारख शब्द आणि चित्र यांच्या नात्यात आहे. आधी नुसती चित्रं पाहत पुस्तक संपवा, मग नुसता मजकूर वाचा. दोन्हींतून तीच गोष्ट कळली, तर मुलांना शोधायला काही उरलेलं नसतं. अमेरिकी लेखक-चित्रकार मॉरिस सेंडाकच्या १९६३च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये चित्रं सुरुवातीला लहान आहेत, भोवती पांढरी कोरी जागा. गोष्टीतल्या मॅक्सच्या खोलीचं जंगल होत जातं तशी ती वाढतात आणि राक्षसांबरोबरच्या धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. शेवटच्या पानावर उलट चित्रच नाही, फक्त शब्द. मुलांना हे सांगू नका. दुसऱ्या वाचनात ‘चित्राला काय होतंय?’ एवढं विचारा आणि थांबा.

नव्या शिक्षकांची घाई इथेच नडते. दर पानाला प्रश्न विचारला, की गोष्टीचा धागा तुटतो. पहिलं वाचन सलग, मध्ये फार तर एक-दोन थांबे. दुसऱ्या वाचनाला चित्रांवर बोलणं, तिसऱ्याला शब्दांवर. ही वाचनं दोन-तीन दिवसांत विभागली तरी चालतं, उलट पुस्तक पुन्हा समोर आलं की मुलं स्वतःहून पुढचं बोलू लागतात. आणि ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न कृपा करून टाळा. तो विचारला, की मुलं तुम्हाला हवं असलेलं उत्तर शोधू लागतात.

चित्रपुस्तकं फक्त पहिली-दुसरीसाठी, ही समजूत तर सोडूनच द्या. बिनशब्दांचं पुस्तक चौथी-पाचवीत लेखनासाठी उत्तम चालतं, कारण कोण बोलतंय आणि काय बोलतंय हे सगळं मुलांनाच ठरवावं लागतं. माहितीपर पुस्तक सुचवताना मात्र प्रकाशनवर्ष आणि आकृत्यांची नावं तपासा, आणि सलग वाचण्याऐवजी कोणती तीन-चार पानं दाखवायची ते लिहा.

शिफारशीची चिठ्ठी पाच-सहा ओळींची पुरे. इयत्ता, गट, मिनिटं, कुठे थांबायचं, कोणता शब्द आधी सांगावा लागतो, कोणत्या पानावर एखादं मूल घाबरेल किंवा दुखावेल. घरातल्या मृत्यूवरचं किंवा आईबाबा वेगळे होण्यावरचं पुस्तक असेल, तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात वर लिहा. एखादं पुस्तक वर्गात फसलं, तर तेही कोणत्या पानाशी फसलं यासकट त्याच चिठ्ठीवर नोंदवा.